बारा माणसे, एक मुलगा आणि एक हरवलेली फीत

आजचा धागा लांबणार आहे. विषय वरवर पाहता इतिहासाचा वाटणार नाही, कारण तो आहे अमेरिकन दूरचित्रवाणीवरच्या एका नाटकाच्या भागाचा. पण या भागाचा माग काढत गेलो की अलाबामातील एक मालगाडी, न्यूयॉर्कमधील कॉमिक्सविरोधी मोहीम आणि मुंबई उच्च न्यायालयातील लोकमान्य टिळकांचे दोन खटले अशी ठिकाणे वाटेत लागतात. म्हणून सावकाश वाचा.

सुरुवात शेवटापासून करतो. २००३ साली सॅम्युएल लायबोविट्झ या दिवंगत अमेरिकन वकिलावर माहितीपट करण्याचे काम चालू होते. त्यांच्या जुन्या सामानात सोळा मिलिमीटरची एक फीत सापडली. ती होती सीबीएस वाहिनीच्या ‘स्टुडिओ वन’ या मालिकेत २० सप्टेंबर १९५४ रोजी सादर झालेल्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ या नाटकाची. तोवर अभ्यासकांच्या हाती त्याचा पूर्वार्धच होता. उत्तरार्ध कायमचा गेला असे धरून चालले होते. नाटककार रेजिनाल्ड रोझ २००२ मध्ये वारले, म्हणजे आपली मूळ कृती अखंड सापडल्याचे त्यांना कधी कळले नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असतो तो १९५७चा चित्रपट. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट, आठव्या ज्यूररच्या भूमिकेत हेन्री फोंडा. चित्रपट थोर आहे, यात वाद नाही. परंतु इतिहासाचा साक्षीदार म्हणून मला मूळ भाग अधिक मोलाचा वाटतो. चित्रपट घडवून, निवडून, कापून समोर येतो. ते थेट प्रक्षेपण मात्र एका सोमवारच्या रात्री, त्या वर्षाच्या हवेत, जसे घडले तसे घराघरांत पोहोचले.

कथा थोडक्यात. न्यूयॉर्कमध्ये एका तरुणावर स्वतःच्या बापाचा चाकूने खून केल्याचा आरोप आहे. मुलगा विशीही न गाठलेला. झोपडवस्तीत वाढलेला, आई लहानपणीच गेलेली, बापाच्या हातचा मार रोजचाच, सुधारगृहाची हवा खाल्लेला, चाकू चालवण्यात तरबेज म्हणून पोलिसांच्या दप्तरी नोंद असलेला. खटल्याची सुनावणी संपली आहे. न्यायाधीश ज्यूरीला सांगतात की निर्णय एकमताने हवा, आणि दोषी ठरल्यास शिक्षा एकच, मृत्युदंड. बारा माणसे एका खोलीत जातात, दार बाहेरून बंद होते. पहिल्या मतदानात अकरा जण ‘दोषी’ म्हणतात, एकटा आठव्या क्रमांकाचा ज्यूरर ‘निर्दोष’ म्हणतो. मुलगा निर्दोष आहे अशी त्याची खात्री नसते. एका मुलाला मरणाच्या दारी धाडण्याआधी तासभर बोलावे, एवढेच त्याचे म्हणणे.

त्यानंतर पुराव्यांची एकेक वीट निखळू लागते. एकमेवाद्वितीय म्हणून न्यायालयात दाखवलेल्या खटक्याच्या चाकूसारखाच दुसरा चाकू आठवा ज्यूरर खिशातून काढून टेबलावर रोवतो. खालच्या मजल्यावरच्या लंगड्या म्हाताऱ्याने पंधरा सेकंदांत दार गाठून मुलाला पळताना पाहिले कसे? उन्नत रेल्वेची गाडी खिडकीजवळून धडधडत जात असताना त्याने वरचा आवाज ओळखला कसा? समोरच्या इमारतीतील बाईने चालत्या गाडीच्या खिडक्यांतून खून पाहिला, त्या वेळी तिच्या डोळ्यांवर चष्मा होता का? अकराचे दहा होतात, दहाचे आठ, आणि शेवटी पारडे पूर्ण फिरते.

एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवा. मुलगा खरोखर निर्दोष होता की नाही, हे नाटक कुठेही सांगत नाही. खुनी कोण हे उघड करणाऱ्या न्यायालयीन कथांच्या गर्दीत हे वेगळेपण ठळक आहे. इथे सिद्ध होते ते केवळ एवढेच, की सरकारपक्षाला वाजवी संशयापलीकडे काही सिद्ध करता आलेले नाही.

आता त्या रात्रीचे तंत्र. ‘स्टुडिओ वन’ची प्रायोजक होती वेस्टिंगहाउस ही विजेच्या उपकरणांची कंपनी, नाटकाच्या अंकांमध्ये तिच्या शीतकपाटांच्या जाहिराती येत. तासाभराच्या वेळेतून त्या वजा जाता नाटकाला उरत सुमारे पन्नास मिनिटे. चित्रफीत यंत्रे १९५६ साली बाजारात आली. १९५४ मध्ये नाटक थेट सादर करायचे, आणि जतन करायचेच असेल तर पडद्यावर दिसणारे चित्र चित्रपटाच्या कॅमेऱ्याने टिपून ठेवायचे. या नोंदीला किनेस्कोप म्हणत. लायबोविट्झ यांच्याकडे सापडला तो हाच. चित्र धूसर, आवाज कधी पोकळ. पण बारा नट आणि जड कॅमेरे एका अरुंद खोलीत एकमेकांना चुकवत फिरत आहेत, आणि कोणी अडखळला तर दुरुस्तीची सोय नाही, हा ताण त्या धूसर चित्रातही जाणवतो. दिग्दर्शक होते फ्रँकलिन शॅफनर. आठव्या ज्यूररच्या भूमिकेत रॉबर्ट कमिंग्ज, त्याला अखेरपर्यंत विरोध करणाऱ्या तिसऱ्याच्या भूमिकेत फ्रँचो टोन. कमिंग्ज, शॅफनर आणि रोझ या तिघांनाही या भागासाठी एमी पारितोषिक मिळाले.

रोझ यांना विषय सुचला तो स्वतःच्या अनुभवातून. १९५४च्या सुरुवातीला त्यांना ज्यूरीसाठी बोलावणे आले. न्यूयॉर्कमधील सदोष मनुष्यवधाचा खटला होता. बंद खोलीत आठ तास कडाक्याचा वाद झाला. लेखकाच्या मनात आले की न्यायालयातील साक्षी, उलटतपासण्या, भाषणे रंगमंचावर किती वेळा आली. पण ज्या खोलीत प्रत्यक्ष निर्णय होतो, ती प्रेक्षकांनी पाहिलेलीच नाही. नाटकातील खटला मात्र त्यांनी बदलला आणि आरोपीच्या पिंजऱ्यात एका बिघडलेल्या पोराला उभे केले.

तो मुलगाच का? याचे उत्तर १९५४ सालात आहे.

महायुद्धानंतरच्या अमेरिकेत ‘बालगुन्हेगारी’ हा शब्द भीतीचा शब्द झाला होता. वृत्तपत्रे टोळीयुद्धांच्या बातम्यांनी भरलेली असत. अमेरिकन सिनेटने या प्रश्नासाठी खास उपसमिती नेमली होती, आणि तिने १९५४च्या एप्रिल व जून महिन्यांत न्यूयॉर्कच्या फोली स्क्वेअर येथील संघराज्य न्यायालयाच्या इमारतीत कॉमिक्सच्या प्रश्नावर सुनावणी घेतली. मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचे ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक त्याच वर्षी आले. गुन्ह्यांच्या आणि भयकथांच्या कॉमिक्समुळे मुले बिघडतात असा त्याचा दावा. भयकथांचे प्रकाशक विल्यम गेन्स यांची समितीपुढची साक्ष त्यांच्याच अंगलट आली. शरद ऋतूत कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली, आणि गेन्स यांच्या बहुतेक भयकथा बंद पडल्या. खटक्याच्या चाकूचेही तेच झाले. तो टोळीबाज पोरांचे जणू बोधचिन्ह ठरला आणि १९५८ मध्ये त्याच्या आंतरराज्यीय व्यापारावर केंद्रीय कायद्याने बंदी आली. रोझ यांच्या नाटकात टेबलावर रोवला जातो तो हाच चाकू. आज तो आपल्याला निव्वळ पुरावा वाटतो. त्या प्रेक्षकांना तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून थेट खोलीत आल्यासारखा वाटला असणार.

या पार्श्वभूमीवर नाटकातील मुलाची ‘कागदपत्रे’ पाहा. सुधारगृह, मारामाऱ्या, झोपडवस्ती. दहावा ज्यूरर म्हणतो तेच त्या वर्षी अनेक सभ्य घरांत बोलले जात होते: ही माणसे अशीच असतात, खोटे बोलणे यांच्या रक्तात असते. त्याची ‘ही माणसे’ कोणती, हे नाटक सांगत नाही. मुलाचा वंश नाही, धर्म नाही, नावसुद्धा नाही. चित्रपटात त्याचा चेहरा काही क्षण तरी दिसतो. त्या बारा जणांच्या चर्चेत मात्र तो केवळ ‘पोरगा’ आहे.

हे मौन कलात्मक असेल, परंतु त्यामागे एक व्यावहारिक कथाही आहे. त्याच वर्षी मार्च महिन्यात ‘स्टुडिओ वन’वर रोझ यांचेच ‘थंडर ऑन सिकमोर स्ट्रीट’ हे नाटक झाले होते. त्यांची मूळ कल्पना अशी, की गोऱ्या मध्यमवर्गीय आळीत एक कृष्णवर्णीय कुटुंब राहायला येते आणि शेजारी त्याला हुसकून लावायला एकत्र जमतात. वाहिनी आणि प्रायोजक यांनी हरकत घेतली. दक्षिणेतील प्रेक्षक दुखावतील, शीतकपाटे खपणार नाहीत. रोझ यांनी माघार घेतली आणि कृष्णवर्णीय माणसाच्या जागी शिक्षा भोगून सुटलेला गोरा कैदी घातला. मात्र आळीला तो नकोसा का आहे, हे त्यांनी बराच वेळ झाकून ठेवले. पुढे त्यांनी लिहून ठेवले आहे की ज्या ज्या प्रेक्षकांशी ते बोलले, त्यांतील कोणाला तो माणूस कृष्णवर्णीयांचे प्रतीक वाटला, कोणाला ज्यूंचे, कोणाला पोर्तो रिकोच्या लोकांचे, कोणाला माजी कम्युनिस्टांचे. तो खरोखरच सुटलेला कैदी आहे असे कोणालाच वाटले नाही.

सहा महिन्यांनी हीच युक्ती त्यांनी पुन्हा वापरली, असे माझे मत आहे. ‘ही माणसे’ कोण, हे सांगायची परवानगी नव्हती. तेव्हा प्रेक्षकाने आपापल्या मनातला चेहरा त्या रिकाम्या जागी बसवावा. न्यूयॉर्कमधील १९५४चा प्रेक्षक कोणाचा चेहरा बसवत असेल, याचा अंदाज अवघड नाही. स्वस्त विमानप्रवासामुळे पोर्तो रिको बेटावरून हजारो कुटुंबे त्या काळी शहरात येत होती आणि जुन्या झोपडवस्त्यांतील सर्वांत पडक्या चाळी त्यांच्या वाट्याला येत होत्या.

नाटकातील अकरावा ज्यूरर युरोपातून आलेला निर्वासित. ज्यूरीपद्धतीचे मोल इतरांना समजावून सांगतो तो हाच. ही भूमिका केली जॉर्ज व्होस्कोव्हेक यांनी, आणि चित्रपटातही ती त्यांच्याकडेच राहिली. मूळचे यिरी व्होस्कोव्हेक, प्राग शहरातील ‘मुक्त नाट्यगृहा’चे गाजलेले विडंबनकार. हिटलरच्या भीतीने देश सोडला, युद्धानंतर परतले, कम्युनिस्ट राजवट आल्यावर पुन्हा बाहेर पडले. १९५० मध्ये अमेरिकेच्या दारात पोहोचले, तर कम्युनिस्टांशी संबंध असल्याच्या संशयावरून त्यांना एलिस बेटावर कित्येक महिने स्थानबद्ध ठेवण्यात आले. संशयाचा फायदा न मिळालेला माणूस पडद्यावर अमेरिकनांना संशयाच्या फायद्याचा अर्थ समजावतो आहे! आणि हे १९५४ साल, जेव्हा सिनेटर मॅकार्थी यांची सैन्याविरुद्धची सुनावणी दूरचित्रवाणीवर आठवडेच्या आठवडे चालून नुकतीच संपली होती. आरोप म्हणजेच पुरावा नव्हे, हे वाक्य त्या वर्षी राजकीय वाक्य होते.

आता त्या बारा खुर्च्यांकडे वळू. तिथे सगळे पुरुष, सगळे गोरे. न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांना ज्यूरीवर बसण्याचा अधिकार १९३७ पासून होता, पण केवळ स्त्री म्हणून सूट मागण्याची सोयही होती, आणि ती १९७५ पर्यंत टिकली. शिवाय महत्त्वाच्या खटल्यांसाठी ‘विशेष ज्यूरी’ची वेगळी यादी असे, तिच्यात मजूर, कष्टकरी अभावानेच आढळत. ही पद्धत १९४७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आली आणि पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरली.

आणि इथे लायबोविट्झ पुन्हा भेटतात. २५ मार्च १९३१ रोजी अलाबामा राज्यात एका मालगाडीतून नऊ कृष्णवर्णीय मुलांना खाली उतरवून अटक झाली. बहुतेक सगळी विशीच्या आतली. सर्वांत लहान जेमतेम बारा-तेरा वर्षांचा. दोन गोऱ्या मुलींवर बलात्कार केल्याचा आरोप. स्कॉट्सबरो गावात अवघ्या काही दिवसांत, नावापुरत्या वकिलांसह खटले उरकले आणि आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. गोऱ्या पुरुषांची ज्यूरी, बाहेर जमाव. सर्वोच्च न्यायालयाने १९३२ मध्ये ते निकाल रद्द केले, कारण मुलांना खऱ्या अर्थाने वकील मिळालाच नव्हता. फेरखटल्यांसाठी १९३३ मध्ये न्यूयॉर्कहून आलेला वकील म्हणजे सॅम्युएल लायबोविट्झ, रुमानियात जन्मलेला ज्यू. त्या दोन मुलींपैकी एकीने आपण खोटे बोललो अशी साक्ष दिली, तरी ज्यूरीने दोषी ठरवलेच. न्यूयॉर्कच्या ज्यू पैशाला अलाबामाचा न्याय विकत घेऊ देऊ नका, असे आवाहन सरकारपक्षाच्या वकिलाने भर न्यायालयात केले होते.

लायबोविट्झ यांनी मग मुलांच्या निरपराधीपणाइतकाच भर ज्यूरीच्या यादीवर दिला. परगण्यात पात्र कृष्णवर्णीय नागरिक असताना एकही नाव ज्यूरीत कधी कसे येत नाही? अधिकाऱ्यांनी यादीचे पुस्तक दाखवले. त्यात काही कृष्णवर्णीयांची नावे होती खरी, पण ती मागाहून घुसडलेली. हे पुस्तक लायबोविट्झ यांनी सर्वोच्च न्यायालयात नेले, आणि न्यायमूर्तींनी भिंगातून ती शाई पाहिली. १ एप्रिल १९३५ रोजी ‘नॉरिस विरुद्ध अलाबामा’ निकाल लागला: वंशाच्या आधारे नागरिकांना ज्यूरीतून पद्धतशीरपणे वगळणे घटनाबाह्य. मुले मात्र लगेच सुटली नाहीत. १९३७ मध्ये चौघांवरील आरोप मागे घेतले गेले. शेवटचा तुरुंगाबाहेर आला तो १९५० साली.

रोझ यांचे नाटक एका चांगल्या माणसावर भिस्त ठेवते. लायबोविट्झ यांचा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे: तो चांगला माणूस त्या खोलीत शिरू शकला पाहिजे. नाटकात चाकू कसा धरतात हे माहीत असलेला, झोपडवस्तीत वाढलेला पाचवा ज्यूरर नसता, तर एक महत्त्वाचा संशय उपजलाच नसता. त्या अर्थाने नाटकाचा खरा नायक आठवा आहे की पाचवा, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे.

आपल्याकडे हे अपरिचित नाही. १८९७ साली मुंबई उच्च न्यायालयात ‘केसरी’तील लेखनावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. ज्यूरीत नऊ जण, त्यांतील सहा युरोपीय, तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन: दोषी, अठरा महिने सक्तमजुरी. १९०८ मध्ये पुन्हा खटला, या वेळी विशेष ज्यूरी; सात युरोपीय, दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन, आणि सहा वर्षांची शिक्षा. दोन्ही वेळा मतांची विभागणी खुर्च्यांच्या विभागणीबरहुकूम. ज्या न्यायमूर्ती दावर यांनी १९०८ची शिक्षा सुनावली, त्यांनीच १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून युक्तिवाद केला होता, हा आणखी एक योगायोग.

पण तुलनेतला कळीचा मुद्दा वेगळाच आहे. रोझ यांच्या नाटकाचा सारा डोलारा एका नियमावर उभा आहे, तो म्हणजे एकमत. अकरा माणसे एकाचे ऐकून घेतात, ती सौजन्याने नव्हे. त्याच्यावाचून त्यांना घरी जाता येत नाही म्हणून. मुंबईच्या उच्च न्यायालयात ही अट नव्हती. नवांपैकी सहा जणांचे मत आणि न्यायाधीशांची सहमती असली की पुरे. टिळकांच्या बाजूने पहिल्या वेळी तीन हात होते, दुसऱ्या वेळी दोन. न्यूयॉर्कच्या नियमाने त्यांतला एकही हात दोषी ठरवणारा निकाल रोखायला पुरला असता. मुंबईत त्या हातांना किंमत उरली ती केवळ इतिहासाच्या पानावर. साम्राज्याच्या नियमपुस्तकात आठव्या ज्यूररला जागाच ठेवलेली नव्हती.

(इथे कोणी म्हणेल की तुलना ताणलेली आहे, टिळक काही बिघडलेले पोर नव्हते. मान्य. पण मी आरोपींची तुलना करत नाही, खुर्च्यांची करतो आहे.)

लायबोविट्झ यांची कथा मात्र इथे गोड शेवट करून थांबत नाही. १९४० मध्ये ते ब्रुकलिनमध्ये न्यायाधीश म्हणून निवडून आले आणि बचावाचा हा महारथी कठोर शिक्षांसाठी प्रसिद्ध झाला. मृत्युदंडाचा तो उघड समर्थक होता. १९५९च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये टोळीबाजीतून खुनांची मालिका झाली. ऑगस्टअखेर साल्वाडोर अ‍ॅग्रॉन या सोळा वर्षांच्या पोर्तो रिकन मुलाने दोन मुलांना भोसकले. सप्टेंबरात बालगुन्हेगारीवरील सिनेट उपसमितीपुढे लायबोविट्झ साक्षीला गेले, आणि पोर्तो रिकोतून न्यूयॉर्ककडे येणाऱ्या लोंढ्याला आळा घालण्याची सूचना त्यांनी केली. ज्याने नऊ मुलांसाठी ‘ही माणसे’ या शब्दांशी झुंज दिली, त्याच्याच तोंडून पंचवीस वर्षांनी जवळपास तेच शब्द. अ‍ॅग्रॉनला मृत्युदंड झाला. त्यासाठी एलिनॉर रूझवेल्ट यांच्यासह अनेकांनी दयेची मागणी केली आणि १९६२ मध्ये गव्हर्नर रॉकफेलर यांनी शिक्षा जन्मठेपेत बदलली. पूर्वनियोजित खुनाला मृत्युदंडच, हा न्यूयॉर्कचा सक्तीचा नियम, ज्यावर नाटकातील सारा ताण उभा आहे, १९६३ मध्ये गेला.

आणि अशा माणसाच्या सामानात हे नाटक अखंड राहिले. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपल्याला दप्तरखान्यांची सवय असते. दस्तऐवज कोणी सांभाळावा, याबाबत दप्तरखाना न्यायनिष्ठ नसतो.

रोझ पुढे याच वाटेने गेले. १९५७ मध्ये ‘स्टुडिओ वन’वरच त्यांचे ‘द डिफेंडर’ हे दोन भागांचे न्यायालयीन नाटक झाले. वकील बापलेकांच्या भूमिकांत राल्फ बेलामी आणि विल्यम शॅटनर, तर खुनाच्या आरोपातील तरुण होता स्टीव्ह मॅक्वीन, तेव्हा फारसे कोणी न ओळखणारा. त्यातूनच १९६१ ते १९६५ चाललेली ‘द डिफेंडर्स’ ही मालिका जन्मली.

कायदेपंडित या नाटकावर फार खूश नसतात, हेही सांगायला हवे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांचे आईवडील पोर्तो रिकोचे. हा चित्रपट पाहून आपला कायद्याकडचा ओढा पक्का झाला, असे त्या सांगतात. पण खालच्या न्यायालयात असताना ज्यूररांनी कसे वागू नये याचे उदाहरण म्हणूनही त्या तोच चित्रपट सांगत. कारण उघड आहे. बाहेर जाऊन चाकू विकत आणणे म्हणजे ज्यूररने स्वतःच तपास करणे, आणि तो गैरवर्तनाचा भाग आहे. कळले असते तर खटलाच रद्द झाला असता. मला हा आक्षेप पटतो, तरी त्यातून एक वेगळाच प्रश्न उरतो: तो चाकू आरोपीच्या वकिलाने का आणला नाही? नाटकात त्याचे उत्तर आहे. गरीब पोराला न्यायालयाने नेमून दिलेला वकील, ज्याने मन लावून काम केले नाही. १९३१च्या स्कॉट्सबरोत हेच तर घडले होते.

शेवटी थोडे आपल्या घरचे. बासू चटर्जी यांनी १९८६ मध्ये ‘एक रुका हुआ फैसला’ हा हिंदी चित्रपट केला. आठव्याच्या भूमिकेत के. के. रैना, तिसऱ्याच्या भूमिकेत पंकज कपूर. गंमत अशी की तेव्हा भारतात फौजदारी खटल्यांना ज्यूरी उरलीच नव्हती. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा नव्हती. तिची अप्रतिष्ठा झाली ती १९५९च्या मुंबईतील नानावटी खटल्यात. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटले, सत्र न्यायाधीशांनी तो निर्णय अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, आणि तिथे नानावटी दोषी ठरले. नानावटींच्या बाजूने रान उठवणारे साप्ताहिक होते रुसी करंजिया यांचे ‘ब्लिट्झ’. चित्रपटांत येण्यापूर्वी बासू चटर्जी सुमारे अठरा वर्षे त्याच ‘ब्लिट्झ’मध्ये व्यंगचित्रकार होते.

नानावटी हा भारतातला अखेरचा ज्यूरी खटला, हे विधान मात्र कृपया पुढे ढकलू नका. त्यानंतरही काही ठिकाणी ज्यूरी चालू होती. आणि मुंबईतून ती आजही पुरती गेलेली नाही. पारशी विवाह व घटस्फोट कायद्यानुसार पारशी दांपत्यांच्या दाव्यांत न्यायाधीशांसोबत समाजातील प्रतिनिधी बसतात. त्या ‘आठ विरुद्ध एक’मधल्या एकाची, म्हणजे मुंबईच्या त्या एकट्या ज्यूररची गोष्ट पुढच्या धाग्यात.